शंभरातले पाच, दहा हजारांतले पाच: दहावी २०२१ चं प्रकरण

जून २०२१ मधली एक दुपार. शाळेत मुलं नव्हती. ऑफिसात हेडसर, आम्ही सहा जण आणि संगणकापुढे भाऊसाहेब. कागदोपत्री आमचं नाव ‘निकाल समिती’. मुख्याध्यापक धरून सात सदस्यांची अशी समिती राज्यातल्या प्रत्येक शाळेत नेमायची होती, आणि दहावीचा निकाल या समितीने तयार करायचा होता. बोर्ड तो जाहीर करणार होतं.

भाऊसाहेब एकेक नाव वाचत होते. एका मुलापाशी थांबले.

“गणित. नववीचे एक्केचाळीस. अंतर्गतचे पंधरा. लेखीचं काय करायचं, सर? प्रिलियमला चाळीसपैकी आठ दिसतायत.”

ते आठ मीच दिले होते. मार्चमध्ये, बोर्डाआधीच्या या सराव परीक्षेत, लाल पेनाने, नेहमीसारखे कडक. तेव्हा माझ्या डोक्यात होतं की आठ बघून पोरगं घाबरेल, महिनाभर बसेल, आणि बोर्डात काढेल तीस. आता बोर्डाची परीक्षाच उरली नव्हती. माझ्या त्या आठाला अचानक बोर्डाचं वजन आलं होतं.

हे प्रकरण मी त्या आठापासूनच सांगणार आहे. सराव परीक्षेच्या गुणांवरून अंतिम निकाल सांगता येतो का, या प्रश्नाचा एवढा मोठा प्रयोग महाराष्ट्रात दुसरा झालेला नाही. पंधरा लाख पंच्याहत्तर हजारांच्या आसपास मुलं, एकच सूत्र, आणि निकाल ९९.९५ टक्के.

आधी पार्श्वभूमी थोडक्यात. २०२०–२१ चं वर्ष बहुतेक घरातच गेलं. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून टप्प्याटप्प्याने उघडायला परवानगी मिळाली, अभ्यासक्रम २५ टक्क्यांनी कमी केला गेला, आणि दहावीची परीक्षा २९ एप्रिलपासून घ्यायचं ठरलं. मग दुसरी लाट आली. १२ एप्रिलला परीक्षा पुढे ढकलल्याची घोषणा झाली, २० एप्रिलला दहावीची परीक्षा रद्दच झाली. त्यावर उच्च न्यायालयात याचिका गेली, न्यायालयाने सरकारला खडे सवाल केले. २८ मे रोजी तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी मूल्यमापनाचं सूत्र जाहीर केलं: प्रत्येक विषयात १०० पैकी ५० गुण नववीच्या अंतिम निकालातून, ३० गुण दहावीतल्या वर्षभराच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनातून, २० गुण दहावीच्या तोंडी, प्रात्यक्षिक, गृहपाठ वगैरेंतून.

आमची प्रिलियम त्या तीस गुणांत बसत होती. तीही अर्धवट. मार्चमध्ये भाषा झाल्या, बीजगणित झालं, भूमितीच्या आदल्या दिवशी शाळा बंद करण्याचा निरोप आला. त्याआधीच्या घटक चाचण्या व्हॉट्सॲपवरच्या. त्यातल्या दोन उत्तरपत्रिका मला अजून आठवतात. वर्गसमीकरणाचं उदाहरण, दोघांनीही सात साता सत्तेचाळीस लिहिलेलं, आणि दोन्ही फोटोंत कागदाखाली तोच निळ्या फुलांचा मेणकापडाचा टेबलक्लॉथ. मी दोघांनाही सारखेच गुण दिले. दुसरं काय करणार होतो?

*

आता प्रिलियम म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळ्या गोंधळाचं मूळ तिथे आहे. पालकांना वाटतं ती बोर्डाची रंगीत तालीम आहे, तेव्हा तालमीत जे दिसलं तेच प्रयोगात दिसणार. शाळेतल्या माणसाला माहीत असतं की ते तसं नाही. जानेवारीत पेपर होतो तेव्हा शेवटचं प्रकरण शिकवून आठवडासुद्धा झालेला नसतो. पेपर कधी मुख्याध्यापक संघाचा येतो, कधी आम्हीच काढतो, आणि काढताना हात जरा जडच ठेवतो. तपासताना तर आखडता ठेवतोच. बोर्डात आदर्श उत्तरपत्रिका समोर असते, पायरीपायरीला गुण असतात, तपासणारा परका असतो आणि त्याच्यावर मॉडरेटर असतो. प्रिलियमला तपासणारा मी असतो. मला अक्षर ओळखू येतं, आणि अक्षराबरोबर ते पोरगं मागच्या बाकावर काय करत होतं तेही आठवतं.

थोडक्यात, प्रिलियमचा गुण हा मोजमापापेक्षा निरोप जास्त असतो. हुशार मुलीला निरोप असतो, “फार हवेत जाऊ नकोस.” काठावरच्याला निरोप असतो, “जागा हो.” दोघांचे गुण एकाच पट्टीने दिलेले नसतात, आणि खरं सांगायचं तर ते तसे द्यायचेही नसतात. त्यांचं काम मुलाला हलवायचं असतं.

तरी त्यावरून अंदाज बांधता येतो. मी वर्षानुवर्षं बांधत आलोय. प्रिलियमचे पेपर वाटून झाले की माझ्या एका जुन्या वहीत प्रत्येक मुलापुढे मी बोर्डाचा आकडा लिहून ठेवतो आणि निकालाच्या दिवशी ताडून बघतो. या सवयीने एक गोष्ट शिकवली: वरची मुलं फारशी हलत नाहीत, खालची कुठेही जाऊ शकतात. प्रिलियमला चाळीसपैकी चौतीस असलेली मुलगी बोर्डात त्याच्या आगेमागे दोन-तीन गुणांत सापडते. आठ गुणांचा मुलगा बोर्डात सहाही घेतो आणि अठराही घेतो.

एकूण गुणांपेक्षा कोरी पानं जास्त बोलतात, हीदेखील त्या वहीतूनच कळलेली गोष्ट. बीजगणिताच्या पेपरात पहिल्या दोन प्रश्नांचे मिळून २० गुण. त्यात पर्याय निवडा, रिकाम्या चौकटी भरून कृती पूर्ण करा, आणि साधी उदाहरणं. आठ गुण मिळालेली दोन मुलं घ्या. एकाने सगळा पेपर सोडवलाय, जागोजागी चुकलाय. दुसऱ्याने पहिला प्रश्न बरा सोडवून पुढची पानं कोरी ठेवलीत. दुसऱ्याला बसवून कृतीच्या चौकटी भरायला शिकवल्या तर त्याचे दहा गुण वाढतात. पहिल्याचा पाया कच्चा, त्याला महिनाभर पुरत नाही. भाऊसाहेबांच्या रकान्यात मात्र दोघांपुढे आठच दिसतात.

आमचा हा मुलगा दुसऱ्या जातीचा होता. पहिल्या प्रश्नात पाच, दुसऱ्यात तीन, मग कोरं. नेहमीचं वर्ष असतं तर मी वहीत लिहिलं असतं: दोन्ही भाग मिळून ८० पैकी १० ते ३२. अंतर्गतचे पंधरा असल्यावर पास व्हायला त्याला ८० पैकी २० लागणार. म्हणजे नाणेफेक.

*

आता त्याचा २०२१ चा हिशेब. नववीचे ४१, त्याचे निम्मे साडेवीस, धरले एकवीस. अंतर्गतचे पंधरा. प्रिलियमचे ४० पैकी ८, म्हणजे ३० पैकी ६. बेरीज ४२. नाणेफेकीची गरजच नाही, पोरगं आरामात पास.

मी त्या रात्री घरी जाऊन हेच गणित उलट्या बाजूने मांडून पाहिलं. नववीत जेमतेम ३५ घेऊन पास झालेलं मूल धरा. त्याचे साडेसतरा आले. अंतर्गतचे २० पैकी १५, जे बहुतेक शाळा डोळे मिटून देतात. झाले साडेबत्तीस. राहिले अडीच. ३० पैकी अडीच गुण लेखीत मिळाले की विषय सुटला. नेहमीच्या वर्षी याच मुलाला पेपरचा पाव हिस्सा सोडवावा लागतो, २०२१ मध्ये बारावा हिस्सा पुरत होता.

त्यात शाळेतून दहावीला बसलेलं प्रत्येक मूल नववी पास झालेलंच असणार. कच्च्या मुलांना नववीतच थांबवायचं, नाहीतर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सांगायचं, म्हणजे शाळेचा दहावीचा निकाल चकचकीत राहतो, हा अनेक शाळांचा जुना मार्ग. म्हणजे चाळणी आधीच लागलेली, आणि अर्धे गुण त्या चाळणीतून आलेले. त्यातही या मुलांच्या नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षा एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे झालीच नव्हती. तो निकाल पहिलं सत्र आणि चाचण्यांवरच लावला होता. अंदाजावर दुसरा अंदाज रचलेला.

तरीही आम्ही त्या मुलाचा पेपर काढला. हेडसर म्हणाले, “गुरुजी, बघा जरा. कडक तपासलाय तुम्ही.” बघितलं. दोन ठिकाणी पायरीचे गुण देता येत होते, एका ठिकाणी उत्तर बरोबर पण एकक राहिलं होतं. आठाचे अकरा झाले. खोटं काही केलं नाही, बोर्डाच्या तपासनिसानेही तेच गुण दिले असते. मग त्याच न्यायाने मी बाराच्या खालचे सगळे पेपर पुन्हा पाहिले. ज्यांची फेरतपासणी केली त्यातल्या एकाचाही गुण कमी झाला नाही, हे लिहायला नको.

माझी चूक ही की बाराच्या वरचे पेपर मी काढलेच नाहीत. ते पास होतेच, मग कशाला? चौतीसवाल्या मुलीचा पेपर तसाच राहिला. तिचे नववीला ९२, म्हणजे ४६. अंतर्गतचे पूर्ण २०. प्रिलियमच्या ३४ चे २६. बेरीज ९२. तिला पुण्याला शिकायला जायचं होतं, आणि तिथे अकरावीचे प्रवेश ऑनलाइन, गुणांच्या उतरंडीने. निकालानंतर तिचे बाबा भेटायला आले. आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, “सर, बाकीच्या शाळांनी तीसपैकी तीस दिलेत म्हणतात. आमच्या पोरीने काय वाईट केलं होतं?” मी तिचे गुण कमी दिले नव्हते. मी तिला प्रिलियमचा निरोप दिला होता, “हवेत जाऊ नकोस,” आणि नंतर तोच निरोप तिच्या गुणपत्रिकेवर छापला गेला.

*

निकाल १६ जुलै २०२१ ला लागला. ९९.९५ टक्के. कोकण विभागाचा चक्क १०० टक्के. आदल्या वर्षी, २०२० ला, राज्याचा निकाल ९५.३० होता. लोकांनी दोन आकडे शेजारी ठेवून म्हटलं, साडेचार टक्क्यांनीच तर वाढला. मला ते वेगळं दिसतं. आदल्या वर्षी शंभरात पाच मुलं नापास झाली होती. या वर्षी दहा हजारांत पाच.

वरच्या टोकाला काय झालं तेही बघा. ९० टक्क्यांवरची मुलं २०२० ला ८३ हजारांच्या पुढे होती, २०२१ ला एक लाख चार हजारांच्या पुढे गेली. म्हणजे साधारण सव्वा पट. पैकीच्या पैकी मिळवणारी २४२ होती, ती ९५७ झाली, जवळजवळ चौपट. मधला थर थोडा वर सरकला, अगदी वरचं टोक फुगलं, आणि खालचं टोक पुसलंच गेलं.

बाहेर सगळ्यांनी याचा अर्थ एकच लावला: शाळांनी गुणांची खैरात केली. केली, काहींनी केलीच. पण समजा राज्यातला प्रत्येक शिक्षक धर्मराज असता, तरी निकाल याच दिशेला गेला असता. हे मला कळायला वर्षभर लागलं, आणि या प्रकरणातलं मला सांगायचं आहे ते हेच.

काठावरची दहा मुलं घ्या. प्रिलियम बघून मला प्रत्येकाबद्दल वाटतं की हा पास व्हायची शक्यता दहात सहा. आता एकेकाबद्दल मला विचारा, “सर, हा पास होईल?” माझं प्रामाणिक उत्तर प्रत्येक वेळी एकच, “होईल.” दहाही वेळा ‘होईल’ म्हटलं तर दहापैकी सहा वेळा मी बरोबर ठरतो, आणि त्याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. पण ती दहा उत्तरं एका रकान्यात मांडून बेरीज केली की निकाल येतो शंभर टक्के. प्रत्यक्षात चार मुलं नापास होणार होती. कोणती चार, हे मला ठाऊक नव्हतं, आणि जे ठाऊक नाही ते मी कोणाच्या नावापुढे लिहिणार? एकेकाबद्दलचा अंदाज प्रामाणिक, बेरीज मात्र खोटी.

नापास होणं ही बऱ्याचदा घडून जाणारी गोष्ट असते. परीक्षेच्या सकाळी ताप येतो, एसटी चुकते, प्रश्न नीट न वाचता पुढे जातो, चौथा प्रश्न पाठ केलेला येतच नाही. प्रिलियमच्या गुणांत हा दिवस नसतो. ज्या सूत्रात तो दिवस नाही, त्यात नापास कोणी होत नाही, आणि पैकीच्या पैकी घेणाऱ्याचा अर्धा गुणही सांडत नाही. ९५७ चा आकडाही काही अंशी याच वाटेने आला असणार.

एवढ्या आकड्यांत २० गुणांची ताकद किती, हे आपल्याच बोर्डाने आधी दाखवलेलं आहे. २०१८ ला दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत २० गुण काढून टाकले आणि निकाल ७७.१० वर आला. आरडाओरडा झाला, गुण परत आले, २०२० ला निकाल ९५.३०. मुलं तीच, गावं तीच, शिकवणारे आम्हीच. त्यामुळे निकालाच्या टक्केवारीवरून एखाद्या वर्षाची मुलं हुशार की ढ हे ठरवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, चहा पाजतो.

*

शेजारच्या सीबीएसई शाळेतही त्याच महिन्यांत हेच चाललं होतं, आणि त्यांचं सूत्र आमच्यापेक्षा सरळ सराव परीक्षेवर उभं होतं. १ मे २०२१ ला सीबीएसईने दहावीचं धोरण जाहीर केलं. २० गुण नेहमीचे अंतर्गत. उरलेल्या ८० पैकी १० घटक चाचणीचे, ३० सहामाहीचे आणि तब्बल ४० प्री-बोर्डचे. जोडीला एक लगामही होता: शाळेचा मागच्या तीन वर्षांतला सगळ्यात चांगला निकाल संदर्भ धरायचा आणि विषयाची सरासरी त्याच्या आगेमागे दोन गुणांतच ठेवायची. खैरात करायची म्हटली तरी किती करणार?

तरी त्यांचा निकाल ९९.०४ टक्के लागला. आदल्या वर्षी ९१.४६ होता.

मला हा आकडा आमच्या ९९.९५ पेक्षा जास्त बोलका वाटतो. लगाम सरासरीला होता, आणि नापास मुलं सरासरीत राहत नाहीत, ती टोकाला राहतात. सरासरी जिथल्या तिथे ठेवूनही खालची मुलं वर उचलता येतात. मधल्यांचे एकदोन गुण इकडेतिकडे केले की झालं. त्यासाठी लबाडी लागत नाही. ‘हा होईल पास’ असं एकेकाबद्दल म्हटलं की ते आपोआप घडतं.

*

इंग्लंडमध्ये आदल्या वर्षी याच्या नेमकं उलट करून पाहिलं गेलं होतं, आणि तिथे तर सराव परीक्षेच्या गुणांनी चार दिवस सरकारची झोप उडवली. २०२० ची ए-लेव्हल परीक्षा, म्हणजे आपली साधारण बारावी, रद्द झाली. शिक्षकांकडून प्रत्येक मुलाची अपेक्षित श्रेणी आणि वर्गातला क्रमांक मागवला गेला. पण ऑफक्वाल ही तिथली परीक्षा नियामक संस्था आमच्यासारखी भोळी नव्हती. शिक्षकांचे अंदाज जसेच्या तसे घेतले तर निकाल फुगणार, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणून तिने शाळेचा मागच्या तीन वर्षांचा निकाल पायाभूत धरला आणि वर्गातल्या क्रमांकानुसार श्रेणी वाटल्या. बेरीज बरोबर यावी एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप होता.

बेरीज आली, आणि माणसं चुकली. १३ ऑगस्ट २०२० ला निकाल लागला तेव्हा शिक्षकांनी दिलेल्यांपैकी ३९.१ टक्के श्रेणी खाली ओढल्या गेल्या होत्या. मागच्या तीन वर्षांत ज्या शाळेतून कोणी वर गेलं नव्हतं, तिथल्या हुशार पोरालाही वर जायला जागा नव्हती. लहान तुकड्यांना मात्र सूत्र नीट लावता येत नाही म्हणून पाच किंवा त्याहून कमी मुलं असलेल्या विषयात शिक्षकाचाच अंदाज धरला, आणि अशा लहान तुकड्या खासगी शाळांत जास्त. मुलं रस्त्यावर उतरली.

निकालाच्या एक-दोन दिवस आधी शिक्षणमंत्री गॅव्हिन विल्यमसन यांनी एक पळवाट जाहीर केली होती: निकाल पटला नाही तर मॉक, म्हणजे सराव परीक्षेची श्रेणी दाखवून अपील करा. ऐकायला झकास. पण मॉक म्हणजे नक्की कोणती? काही शाळांनी ती नोव्हेंबरमध्ये घेतली होती, काहींनी मार्चच्या तोंडावर, काहींनी घेतलीच नव्हती. कुठे अर्ध्या अभ्यासक्रमावर, कुठे पूर्ण. कुठे शिक्षकाने माझ्यासारखा निरोप दिला होता, कुठे सढळ हात ठेवला होता. १५ ऑगस्टला ऑफक्वालने मॉकच्या अपिलाचे नियम प्रसिद्ध केले आणि काही तासांतच मागे घेतले. १७ ला सरकारने सगळंच सोडून शिक्षकांचे अंदाज स्वीकारले. सूत्राची बेरीज बरोबर होती ना, मग काय बिघडलं, असं कोणी विचारलं नाही. आईबापांना बेरीज नको असते, त्यांना आपलं पोर हवं असतं.

ही दोन्ही प्रकरणं समोर ठेवली की एक अडचण स्पष्ट दिसते. एकेका मुलाला न्याय द्यायला गेलं की बेरीज फुगते. बेरीज आवरायला गेलं की कोणत्या तरी मुलाच्या डोक्यावर ती नापाशी उचलून ठेवावी लागते, आणि ते मूल कोणतं हे कोणालाच ठाऊक नसतं. परीक्षा हे काम स्वतः करते, निर्दयपणे का होईना, पण चिठ्ठ्या टाकल्यासारखं नाही. तिला पर्याय शोधणाऱ्यांनी दोन्ही वेळा हे विसरून सूत्र लिहिलं, असं माझं मत आहे.

*

आमच्याकडे पुढे काय झालं तेही नोंदवून ठेवतो. फुगलेल्या गुणांवर अकरावीचे प्रवेश कसे द्यायचे, हा प्रश्न सरकारलाही पडला होता. म्हणून २१ ऑगस्टला ऐच्छिक सामाईक प्रवेश परीक्षा घ्यायचं ठरलं: इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र, एकूण १०० गुण. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर. दुसऱ्या मंडळाच्या विद्यार्थिनीने त्यावर हरकत घेतली, आणि १० ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती परीक्षा रद्द ठरवली. मग प्रवेश झाले ते त्याच गुणांवर. चौतीसवालीला पुण्यात तिच्या यादीतलं पहिलं कॉलेज मिळालं नाही, तिसरं मिळालं. बारावीत तिने चांगले गुण काढले. मला फोन करून सांगितले. मी अभिनंदन केलं आणि प्रिलियमचा विषय काढला नाही, तिनेही काढला नाही.

आठवाला मुलगा तालुक्याच्या आयटीआयला गेला. वायरमनचा ट्रेड. तो त्या वर्षीच्या खऱ्या परीक्षेत पास झाला असता की नाही, हे आता कोणालाच कधी कळणार नाही. मध्यंतरी शाळेची ट्यूब बदलायला आला होता. म्हणाला, “सर, मला गणितात चव्वेचाळीस होते.” मी म्हटलं, “माहितीय.”

२०२२ ला परीक्षा पुन्हा झाली, कमी केलेल्या अभ्यासक्रमावर, जास्तीचा वेळ देऊन, शाळेतच केंद्र ठेवून. निकाल ९६.९४. २०२३ ला ९३.८३. नापास होणारी मुलं परत आली, तेव्हा मला विचित्र वाटलं खरं, पण वहीतला आकडा पुन्हा ताडून बघता येतो याचं बरंही वाटलं.

वही लिहायची पद्धत मात्र मी बदलली. पूर्वी एक आकडा लिहायचो. आता तीन गोष्टी लिहितो: कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, आणि अशी दहा मुलं असतील तर त्यातली किती पास होतील. काठावरच्यांसमोर ‘दहात सहा’, ‘दहात चार’ असं. वर्गाचा निकाल सांगायचा तर एकेकापुढचं ‘पास’ मोजत नाही, हे सहा-चार मिळवतो. हेडसरांना ही पद्धत आवडत नाही. संस्थेच्या बैठकीत त्यांना आकडा हवा असतो, आणि ‘शंभर टक्के अपेक्षित’ हा बैठकीत सगळ्यात कमी प्रश्न विचारला जाणारा आकडा आहे.

दुसरा बदल पेपरावर. प्रिलियमच्या कोपऱ्यात मी आता दोन गुण लिहितो. एक लाल, माझा नेहमीचा कडक. दुसरा निळा, बोर्डाच्या पायऱ्यांप्रमाणे. तपासायला दीडपट वेळ लागतो आणि गणिताच्या बाई म्हणतात की मी म्हातारपणी कामं वाढवून घेतोय. लाल मुलासाठी. निळा कपाटात ठेवण्यासाठी, पुन्हा कधी निकाल समिती बसलीच तर.

या जानेवारीत एक आई आल्या होत्या. मुलाचा पेपर हातात, लाल अकरा, निळा चौदा. “सर, दोनातला खरा कुठला?”

मी पेपर उलटा केला. पहिली तीन पानं भरलेली, पुढची कोरी. म्हटलं, “ताई, ही कोरी पानं आहेत ना, त्यांच्याबद्दल बोलू. उद्यापासून त्याला साडेसातला पाठवा.”

“पण पास होईल ना?”

“दहात सात,” मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गणिताचा मास्तर नसून पंचांग बघणारा आहे. मग पिशवीत पेपर घातला आणि म्हणाल्या, “साडेसात म्हणजे त्याची सायकल दुरुस्त करायला लागेल.”